घसरणारं बटण

डीजेचा मिक्सर टेबलावर उघडा करून ठेवला होता आणि त्याच्याभोवती घरातली सगळी माणसं उभी होती. आजाऱ्याच्या खाटेभोवती उभी राहतात तशीच. म्हणजे प्रत्येकाचं निदान वेगळं आणि प्रत्येकाला आपलंच खरं वाटत असलेलं. सुट्टीचा दिवस, म्हणून दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं होतं. आत दोन्ही मोठे स्पीकर भिंतीकडे तोंड करून उभे होते. शिक्षा झालेल्या पोरांसारखं त्यांना आप्पांनीच तसं उभं केलं होतं, मागच्या शनिवारनंतर.

त्या शनिवारी जे झालं ते या घराण्यात तीन पिढ्यांत झालं नव्हतं. आप्पांचे वडील याच दुकानातून कंदील भाड्याने देत, आणि त्यांचा कंदील भर समारंभात विझल्याचं कुणी सांगत नाही. त्यानंतर आप्पांचे कर्णे आले, मग रेकॉर्ड, मग हा डीजेचा संच. कुठेही नाव गेलं नाही. आणि त्या दिवशी लग्नाच्या भरल्या हॉलमध्ये, नाच ऐन रंगात आलेला असताना, आधी उजव्या स्पीकरमधला बारीक आवाजाचा भोंगा चिरकला, मग डाव्यातला, आणि नंतर दोन्हीकडून नुसतं ढब्ब ढब्ब एवढंच येत राहिलं. जळका वास सुटला. पुढच्या रांगेतली माणसं नाकाला रुमाल लावून उठली. नवऱ्या मुलाच्या मामाने वेळ मारून न्यायला स्वतःच गायला सुरुवात केली, आणि तो किती वेळ गात होता हे आठवून आप्पांच्या धाकट्या मुलाच्या अंगावर अजून काटा यायचा.

"नुसते भोंगे भरून काय उपयोग?" धाकटा म्हणाला. "आतली चकती बदलाल, महिन्याभरात परत जळेल. मुळात हा मिक्सरच म्हातारा झालाय, आप्पा. तुम्हीच म्हणता ना, ट्रेबलचं बटण सैल झालंय, आपोआप खाली घसरतं म्हणून? असलं मशीन घेऊन कुणी कार्यक्रमाला जातं? नवीन घेऊ. एकदा आवाज लावला की तो लक्षात ठेवतं. हद्दीबाहेर जाऊच देत नाही."

"एक बटण सैल झालं म्हणून सगळा मिक्सर टाकायचा?" आप्पांचा आवाज दुकानात नेहमीच चढा असायचा. "उद्या दाढ दुखली तर डोकं बदलशील?"

"दाढेची गोष्ट वेगळी."

"काही वेगळी नाही. मी दुरुस्त करतो."

थोरला टेम्पोची किल्ली बोटावर फिरवत खांबाला टेकून उभा होता. त्याचा आवाज जाड, खर्जातला, आणि तो जपून वापरायची त्याला सवय. "दुरुस्तच करू," एवढंच तो म्हणाला.

"दादा, तू तर आप्पा म्हणतील त्याला मान हलवणार!"

"मान नाही हलवली. तोंडाने बोललो."

थोरली सून हे सगळं ऐकत मिक्सरच्या तारा गुंडाळत होती. त्या गुंडाळायची काही गरज नव्हती, पण हाताला काम असलं की माणसाला गप्प राहता येतं. ती कालच माहेराहून परतली होती. आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी गेली होती, आणि ती नव्हती म्हणूनच त्या शनिवारी मिक्सरमागे धाकटा उभा होता. एरवी ती जागा तिची. गल्लीत तिला सगळे 'डीजे वहिनी'च म्हणायचे.

थोरला दुरुस्तीच्या बाजूने का आहे हे तिला ठाऊक होतं. सकाळी चहा घेताना तो तिला म्हणाला होता, "नव्या मशीनमध्ये आप्पांना उघडण्यासारखं काही नसतं गं." टेम्पो चालवणाऱ्या माणसाच्या तोंडून एवढं निघणं म्हणजे खूप झालं. धाकट्याचंही तिला कळत होतं. शहरातली नोकरी सोडून तो वर्षभरापूर्वी परत आला, तेव्हापासून या दुकानात आपलं म्हणून त्याला एक तरी काम हवं होतं. नवं मशीन आलं असतं तर ते त्याचं झालं असतं.

अडचण एवढीच होती, की बटण घसरत नव्हतं. ते थोरली खाली करत होती.

या घराचा एक नियम होता. हॉल रिकामा असताना आवाज लावायचा तो आप्पांनी. एकदा त्यांनी बटणं लावली की कुणी हात लावायचा नाही. मग आप्पा मागे जाऊन खुर्चीत बसायचे, आणि गाणी वाजवणाऱ्याने फक्त गाणी वाजवायची. वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं आणि उत्तम चाललं होतं, कारण आप्पांच्या कानाला तोड नव्हती. गर्दीत एक तार सैल असली तरी त्यांना खुर्चीत बसून कळायची.

वर्षभरापूर्वी एका वाढदिवसाला एक म्हातारे गृहस्थ दोन्ही कानांवर तळवे दाबून थोरलीसमोर येऊन उभे राहिले. काही बोललेसुद्धा नाहीत. तिने हेडफोन काढून ऐकलं, तर झांजेचा प्रत्येक ठोका सुईसारखा टोचत होता. तिने चोरून ट्रेबलचं, म्हणजे बारीक आवाजाचं बटण जरासं खाली घेतलं आणि मागच्या खुर्चीकडे पाहिलं. आता ओरडा बसणार. पण आप्पा मजेत मान डोलवत होते. सामान बांधताना वर म्हणाले, "आज आवाज कसा, काचेसारखा स्वच्छ होता."

आवाज स्वच्छ तिने केला होता आणि आप्पांना फरक कळलाच नव्हता. बारीक आवाज त्यांच्या कानांतून निघून गेले होते आणि गेलेत हेही त्यांना माहीत नव्हतं.

तिने कुणालाच सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. ती लग्न होऊन या घरात आली तेव्हा सुनेने रात्री-बेरात्री हॉलमध्ये गाणी वाजवायची यावर नातेवाइकांनी काय काय तोंडसुख घेतलं होतं. तेव्हा सगळ्यांसमोर स्वतःच्या डोक्यावरचे हेडफोन काढून तिच्या कानांवर ठेवणारे आप्पाच होते. त्या माणसाला 'तुम्हाला ऐकू येत नाही' हे आपण कोणत्या तोंडाने सांगायचं? त्यापेक्षा आपण गुपचूप बटण खाली करावं, कार्यक्रम पार पडावा, त्यांचा मान त्यांच्याजवळ राहावा. असं तिने ठरवलं आणि त्यात तिला आपण फार शहाणे आहोत असंही वाटलं.

जिन्यावरून आई चहाचा ट्रे घेऊन उतरल्या. आई म्हणजे तिच्या सासूबाई. बारीक अंगाच्या आणि अंगाला शोभेल अशाच बारीक आवाजाच्या. कप टेबलावर ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, "मला विचाराल तर नवीनच घ्या."

धाकट्याने चमकून पाहिलं. आईने दुकानाच्या कामात मत दिल्याचं कुणाला आठवत नव्हतं. "बघ दादा! आईसुद्धा माझ्या बाजूने."

"तुझ्या बाजूने नाही रे," आई म्हणाल्या. "या डब्याच्या विरुद्ध. ह्यांचा सगळा जीव याच्यात. घरात येतात ते जेवायला आणि झोपायला. जाऊ दे एकदा."

आप्पांची पाठ आईंकडे होती. त्यांनी स्क्रू फिरवत ठेवला, उत्तर दिलं नाही. आईंनी थोडं थांबून पाहिलं, मग कोपऱ्यातल्या स्टुलावर जाऊन बसल्या. थोरलीला ते पाहवलं नाही. थोरला मात्र किल्ली फिरवायची थांबवून विचारात पडला होता. आईच नको म्हणत असेल तर, असं त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. म्हणजे दुरुस्तीची बाजूही आता डळमळली.

"ठीक आहे," आप्पा एकदम म्हणाले आणि सगळ्यांकडे वळले. "आता माझं ऐका. हा मिक्सर बदलायचा नाही आणि दुरुस्तही करायचा नाही. याला काही झालेलंच नाही."

"म्हणजे?"

"आठवडाभर मी याला या बेसच्या स्पीकरवर ठेवून चालवला. पार जमीन हादरेपर्यंत. बटणाच्या टोकाशी खडूची रेघ मारून ठेवली होती. केसभरसुद्धा हललं नाही. आतलं सगळं उघडून पाहिलं, नव्यासारखं घट्ट आहे." त्यांनी स्क्रूड्रायव्हर टेबलावर ठेवला. "घरी घसरत नाही. कार्यक्रमातच घसरतं. याचा अर्थ काय? कुणाचा तरी हात आहे."

थोरलीच्या हातातली तार तशीच राहिली.

"आणि हे सुरू झालं वर्षभरापूर्वी," आप्पा म्हणाले आणि त्यांची नजर धाकट्यावर येऊन थांबली. "तू परत आलास तेव्हापासून."

धाकट्याला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि त्याचा चेहरा पडला. "मी? मी कशाला करू?"

"मशीन मोडीत निघालंय हे मला पटवायला. नवं यावं म्हणून. आल्या दिवसापासून तुझं तेच तुणतुणं चालू आहे."

"आप्पा, काहीही बोलू नका!"

"मग सांग, कुणी केलं?"

"मला काय माहीत? आणि त्या शनिवारचं ऐकायचंय? ऐका मग. लोक कानांवर हात ठेवत होते, मला दिसत होतं. मी स्पीकरच्या मागे, मला नीट ऐकू येत नव्हतं, पण दिसत तर होतं! माझा हात बटणापर्यंत गेला होता. पण म्हटलं नको, आप्पांनी लावलंय. म्हटलं, एकदा तरी त्यांच्या मनासारखं करू." त्याचा आवाज फाटला. "जन्मात पहिल्यांदा बापाचं ऐकलं आणि दोन्ही भोंगे जळाले. आणि आता चोरही मीच!"

"ओरडून खरं होत नाही."

"दादा, तू तरी बोल."

थोरला जमिनीकडे पाहत राहिला. "केलं असशील तर सांगून टाक," तो हळूच म्हणाला. "आम्ही काही तुला खाणार नाही."

हे मात्र धाकट्याला सहन झालं नाही. त्याने खुंटीवरची आपली बॅग काढली. "जुन्या साहेबांचा परवा फोन आला होता. जागा अजून रिकामी आहे म्हणाले. चालवा तुमचं दुकान तुम्ही, तुमचे नियम आणि तुमची बटणं."

स्टुलावरून आई उठल्या. थोरलीने शटरकडे निघालेल्या दिराच्या पाठीकडे पाहिलं, मग आप्पांकडे. एकाचा मान सांभाळायला निघालो आणि दुसऱ्याचा घालवून बसलो, हे तिला इतकं लख्ख दिसलं की तिला स्वतःचाच राग आला. आता गप्प राहायचं म्हणजे पोराला घराबाहेर काढायचं.

"भाऊजी, थांबा," ती म्हणाली. "बटण मी खाली करत होते."

शटरखाली वाकलेला धाकटा तसाच वाकून राहिला.

"तू?" आप्पांना खरोखर धक्का बसला होता. लेकांवर त्यांनी कधीही संशय घेतला असता, पण हिच्यावर नाही. "सूनबाई, तू? का?"

"आवाज जास्त व्हायचा."

"किती जास्त?"

"टोचायचा, आप्पा. झांजा, टाळ्या, गाणारीचा वरचा सूर. बारीक असतं तेवढं सगळं."

"प्रत्येक वेळी?"

"हो."

"मग मला कसा नाही टोचला?"

याचं उत्तर तिने द्यायचं होतं आणि ते तिच्याने देववेना. तिने थोरल्याकडे पाहिलं, तर तो छताकडे बघत होता. धाकट्याने बॅग खाली ठेवली होती. आप्पांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. आयुष्यभर बिघाड शोधत आलेला माणूस तो. आधी तार तपासायची, मग प्लग, मग आतली जोडणी, आणि सगळं ठीक निघालं की जे उरतं त्याच्याकडे वळायचं. उरलं काय होतं ते त्यांना कळायला वेळ लागला नाही.

त्यांनी सावकाश हात वर नेला आणि आपल्या उजव्या कानाला लावला.

"मी दर वेळी सामान बांधताना बघायचो," ते म्हणाले. "बटण खाली आलेलं असायचं. म्हणायचो, घसरतंय हे. पुढच्या वेळी थोडं वरच ठेवू, म्हणजे घसरून बरोबर जागी येईल."

"आणि मी ते आणखी खाली घ्यायची," थोरली म्हणाली. तिला रडूही येत होतं आणि दुसरंही काहीतरी होत होतं. "मला वाटायचं, आप्पांना दिवसेंदिवस कमी ऐकू येतंय, म्हणून जास्त चढवताहेत."

"म्हणजे वर्षभर," धाकटा शटरपाशी उभा राहून म्हणाला, "तुम्ही वर, वहिनी खाली, तुम्ही वर, वहिनी खाली. आणि त्या दिवशी वहिनी नव्हती!" त्याला हसू आलं. इतका अपमान झाल्यावर हसायचं नाही असं त्याने ठरवलं असावं, पण ते त्याला आवरेना. थोरलाही खांबाला धरून हसायला लागला, आणि शेवटी थोरलीसुद्धा डोळे पुसत हसली. आप्पा हसले नाहीत, पण रागावलेही नाहीत. त्यांनी धाकट्याला हाताने जवळ बोलावलं.

"बॅग खुंटीला लाव," ते म्हणाले. "चुकलो मी."

हे वाक्यही या घरात पूर्वी कुणी ऐकलं नव्हतं. धाकट्याने मुकाट्याने बॅग लावली.

तेवढ्यात आई बोलल्या. स्टुलाजवळ उभ्या राहून, नेहमीच्या बारीक आवाजात, जणू स्वतःशीच. ते ऐकून तिघांचंही हसणं जागच्या जागी थांबलं. आप्पांना फक्त चेहरे दिसले.

"काय म्हणाली ती?" त्यांनी विचारलं.

कुणी सांगेना. थोरलीला तर मान वर करवेना. आईंनीही पुन्हा तेच बोलायचं टाळलं, त्या ट्रेमधले रिकामे कप गोळा करायला लागल्या. शेवटी थोरला पुढे झाला आणि आपल्या त्या खर्जातल्या आवाजात, वडिलांना शब्दन्‌शब्द कळेल असं म्हणाला, "आई म्हणते, तिला वाटलं होतं तुम्हाला तिचा कंटाळा आलाय. ती बोलते, तुम्ही उत्तर देत नाही. वर्षभर तिला तसंच वाटत होतं."

आप्पा टेबलाला वळसा घालून बायकोपाशी गेले आणि तिच्या हातातले कप काढून घेतले.

"अगं, मला वाटलं तूच बोलणं सोडलंस," ते म्हणाले. "मी म्हणायचो, ही हल्ली नुसते ओठ हलवते. रुसली असेल कशावरून तरी. विचारायचं तर काय विचारायचं? मग मी खालीच बसायचो, दुकानात."

आई काहीतरी बोलल्या. नंतर लक्षात येऊन त्यांनी तेच मोठ्याने सांगितलं, जन्मात कधी बोलल्या नव्हत्या एवढ्या मोठ्याने, "उद्या डॉक्टरकडे जायचं!"

"बरं," आप्पा म्हणाले. "एवढं ओरडायला नको."

दुपारभर काम चाललं. मिक्सर बदलायचा की दुरुस्त करायचा हा प्रश्न पुन्हा कुणी काढला नाही. त्याचं झाकण स्क्रू लावून बंद झालं. दुरुस्त करायचे होते ते भोंगे. धाकट्याने स्पीकर भिंतीकडून फिरवून उजेडात आणले. आप्पांनी जळलेल्या चकत्या काढल्या, पापुद्र्यासारख्या पातळ, कडेने काळ्या पडलेल्या. नव्या चकत्या बसवताना त्यांचा हात आजही कापत नव्हता. बॅटरी धरून उभ्या असलेल्या धाकट्याला त्यांनी दुसरा भोंगा स्वतः भरायला दिला, आणि तो भरत असताना तोंड बंद ठेवलं, हेही त्यांच्या मानाने विशेषच. मधेच फक्त एकदा म्हणाले, "हे नवं मशीन हद्द ओलांडू देत नाही म्हणतोस, ते कसं? संध्याकाळी दाखव मला." धाकटा त्यावर इतका वेळ बोलत राहिला की शेवटी थोरल्याने त्याच्या तोंडात बिस्कीट कोंबलं.

तारा जोडून झाल्या, दिवे लागले. आप्पा सवयीने मिक्सरसमोर जाऊन उभे राहिले आणि त्यांनी ट्रेबलच्या बटणावर दोन बोटं ठेवली. इतक्या वर्षांची ती जागा. ती आपण हिसकावून घेतली असं थोरलीला वाटत होतं आणि कुणी कितीही समजावलं असतं तरी त्या क्षणी ते तिला पटलं नसतं.

आप्पांनी बोटं उचलली.

"ये," ते तिला म्हणाले. "तू लाव."

"आप्पा, तुम्हीच..."

"ये म्हणतो ना."

ती मिक्सरमागे गेली. तिने गाणं सुरू केलं. बेस आला, त्यावर मधला आवाज चढला, आणि मग तिने ट्रेबल हळूहळू वर घ्यायला सुरुवात केली. आप्पा तिच्याकडे पाहत नव्हते. ते दुकानाच्या दुसऱ्या टोकाला, बायकोच्या स्टुलाशेजारी जाऊन उभे राहिले होते. थोरलीच्या मनात आलं, त्यांच्यासाठी थोडं जास्त ठेवावं, आजच्या दिवस तरी. तिने बटण आणखी जरा फिरवलं. झांज टोचायला लागली, थोरल्याने कपाळाला आठी घातली, पण तिने तसंच राहू दिलं.

पलीकडे आप्पा खाली वाकले. पार गुडघ्यांवर हात टेकून, कान बायकोच्या तोंडाजवळ नेऊन. "कसं वाटतंय?" त्यांनी विचारलेलं तिला ओठांवरून कळलं. आईंनी त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं. त्यांनी पुन्हा विचारलं, आईंनी पुन्हा सांगितलं. आप्पांनी मान हलवली, सरळ उभे राहिले आणि जन्मभर ज्या आवाजात 'वाढव' म्हणत आले होते त्याच आवाजात साऱ्या दुकानाला ऐकू जाईल असे ओरडले,

"कमी कर!"

आणि थोरलीने, सगळ्यांदेखत, बटण खाली घेतलं.